घरी मुले सांभाळणाऱ्यांची धोक्यांची वही

मंद्रूप, तालुका दक्षिण सोलापूर

प्रति,
महिला व बालविकास विभाग,
जिल्हा परिषद, सोलापूर

विषय : घरगुती पाळणाघरांतील धोक्यांची लेखी नोंद



धोक्यांची नोंद म्हणजे ज्या घरात दुसऱ्यांची मुले दिवसभर राहतात त्या घरातली, अंगणातली आणि आसपासची कोणती गोष्ट मुलाला इजा करू शकते, कोणत्या वयाच्या मुलाला करू शकते, ती टाळण्यासाठी आज काय केलेले आहे आणि काय करायचे राहिले आहे, हे तारखेसह लिहून ठेवणे. तिचा व्याप एवढाच. एका धोक्याला चार ओळी पुरतात. अपघात झाल्यावर दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी ही नोंद नसते. अपघाताआधी कोणत्या कामाला हात घालायचा हे तिने सांगायचे असते.

लिहायचे कशाला, डोळ्यांना दिसतेच की, असे अनेकांना वाटते. अडचण अशी की घरातल्या माणसांना आपल्या घरातले धोके दिसेनासे झालेले असतात. हौदाचे झाकण तुटले आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून सगळे त्याला वळसा घालून जातात आणि झाकण तसेच राहते. सकाळी नऊला आईच्या कडेवरून उतरणाऱ्या सव्वा वर्षाच्या मुलाला तो वळसा ठाऊक नसतो. स्वतःची मुले त्या घरातच वाढल्यामुळे त्यांना कुठे जायचे नाही हे हळूहळू कळलेले असते. शेजारच्याचे मूल मात्र त्या घरात पाहुणे असते, आणि सांभाळणाऱ्या बाईने घराकडे पाहुण्याच्या नजरेने पाहावे यासाठी वही लागते.

मंद्रूप हे सोलापूर–विजयपूर महामार्गावरचे गाव. येथे अप्पर तहसील कार्यालय आहे, पोलीस ठाणे आहे, शाळा, बँका आणि दवाखाने आहेत. गावातल्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या स्त्रिया शेतमजुरीला, द्राक्षबागेत छाटणी-विरळणीला जातात. काही शाळेत शिकवतात, काही रोज सोलापूरला कामावर जातात. अंगणवाडी दिवसाचे काही तास भरते आणि तेथे बसवले जाते ते तीन वर्षांपुढचे मूल. त्याहून लहान मुलाचे काय, आणि अंगणवाडी सुटल्यापासून आई परत येईपर्यंतच्या वेळाचे काय, याचे उत्तर बहुतेक घरांत आजी असते. आजी नसेल तेथे शेजारच्या मावशी किंवा काकू असतात, ज्या स्वतःच्या घरकामाबरोबर आणखी दोन-चार मुले सांभाळतात आणि त्याचे थोडे पैसे घेतात. दाराला पाटी नसते, हिशेब तोंडी असतो. सोय मात्र खरी असते आणि तिच्यावर कित्येक संसार चालतात.

कायद्याने पाळणाघराचा विचार केला तो कामाच्या ठिकाणापासून. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्री-कामगारांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ५० वरून ३० वर आणली. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यातही कारखान्याच्या आवारात मुलांसाठी खोली ठेवण्याची तरतूद झाली. सोलापूर शहरात मात्र विड्या मोठ्या प्रमाणावर घरीच वळल्या जातात. त्यामुळे कायद्यातले पाळणाघर कारखान्याच्या दाराशी थांबले आणि विडी-कामगार आईचे मूल घरात, तंबाखूच्या सुपाशेजारी वाढले. तंबाखूची चिमूट तोंडात गेली तरी लहान मुलाला विषबाधा होऊ शकते, म्हणजे ज्या घराला पाळणाघराची सर्वांत जास्त गरज होती तेच घर तरतुदीबाहेर राहिले. पुढे २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली, आणि ती तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली. २०२२ पासून मिशन शक्तीखाली पाळणा योजना आहे : सहा महिने ते सहा वर्षे वयाची २५ पर्यंत मुले, एक सेविका, एक मदतनीस, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. योजना चांगली आहे. पण ओसरीवर चार मुले सांभाळणारी बाई या कोणत्याच चौकटीत बसत नाही. तिच्यासाठी वेगळा केंद्रीय कायदा नाही.

जबाबदारीतून मात्र ती सुटलेली नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ ज्याच्या ताब्यात मूल आहे अशा प्रत्येक व्यक्तीला लागू होते. मुलाला मारहाण केली, सोडून दिले किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याला त्रास होऊ दिला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचे कॅमेऱ्यातल्या चित्रणावरून उघड झाले, तेव्हा पाळणाघरांना नियम हवेत अशी मागणी जोरात झाली. कॅमेऱ्यांबद्दल तेव्हा पुष्कळ बोलले गेले. कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. घडण्याआधीच्या कामासाठी माणसाने बसून विचार करावा लागतो, आणि तो विचार टिकावा म्हणून तो लिहावा लागतो.

इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्यांची नोंदणी होते आणि ऑफस्टेड ही सरकारी संस्था त्यांची तपासणी करते. एका व्यक्तीने एका वेळी आठ वर्षांखालची सहापेक्षा जास्त मुले सांभाळायची नाहीत, आणि त्यांत अगदी लहान मुले साधारणपणे तीनच, असा तेथील नियम आहे. धोक्यांच्या नोंदीबाबत तेथील आजची भूमिका ध्यानात घेण्यासारखी आहे. धोके ओळखणे आणि आवरणे बंधनकारक आहे. प्रत्येक धोका कागदावर उतरवणे बंधनकारक नाही. कोणत्या बाबतीत लेखी नोंद उपयोगाची ठरेल हे सांभाळणाऱ्याने ठरवायचे. दक्षिण सोलापुरातही हाच धडा घ्यावा. छापील अर्जांचा गठ्ठा दिला तर तो एकदा भरून फडताळात जाईल. दोनशेपानी आखीव वही रोजच्या हाताशी राहील.

वहीची सुरुवात घराच्या फेरीने होते. फेरी मुलाच्या उंचीवरून करायची असते : जमिनीवर बसून, खोलीच्या चारही कोपऱ्यांकडे पाहून. उभ्या माणसाला न दिसणारी गोष्ट, जसे कॉटखाली ठेवलेली उंदराच्या औषधाची वडी, कपाटाखाली घरंगळलेले बटण किंवा टीव्हीमागची उघडी वायर, बसल्यावर समोर येते. जी बाई मुले सांभाळता सांभाळता शिलाईही करते तिच्या मशीनखालची फरशी तर रोज पाहावी लागते. टाचणी, हूक आणि मणी तेथेच सांडतात.

मंद्रूपच्या घरात पहिला धोका पाण्याचा लिहावा. नळाला रोज पाणी येत नाही तेथे पाणी साठवले जाते, आणि ते हौदात, पिंपात, बादल्यांत आणि घंगाळात उभे असते. रांगणारे मूल वीतभर पाण्यात बुडू शकते. त्याचे डोके अंगाच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकले आणि तोल गेला की स्वतःला बाहेर काढण्याची ताकद हातांत नसते. पाण्यात पडलेले मूल ओरडते हा समजही चुकीचा आहे. बहुधा आवाज होतच नाही, म्हणून ‘आवाज आला की धावू’ या भरवशावर राहता येत नाही. वहीतली नोंद साधारण अशी असावी : ‘न्हाणीतले निळे पिंप. रांगणाऱ्या आणि नुकत्या उभ्या राहणाऱ्या मुलांना धोका. झाकण आहे पण हाताने सरकते. न्हाणीच्या दाराला वरच्या बाजूला कडी बसवायची, आठ दिवसांत. तोवर रिकाम्या बादल्या उपड्या ठेवायच्या.’ यात वस्तू कोणती ते आहे, मूल कोणते ते आहे, उणीव आहे, उपाय आहे आणि मुदत आहे. ‘पाण्यापासून काळजी घेतली जाते’ हे वाक्य दिसायला नीटनेटके असले तरी वहीत त्याला किंमत नाही. त्यातून उद्या सकाळी काय करायचे ते कळत नाही.

घराबाहेरचे पाणी याहून भयंकर. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर राज्यात शेततळी वाढली. कोरडवाहू शेताला त्यांनी आधार दिला, यात शंका नाही. पण अस्तराचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. त्यात पडलेल्या मोठ्या माणसालाही काठ धरता येत नाही, मग मुलाचे काय? मुले सांभाळायचे घर वस्तीवर असेल आणि हाकेच्या अंतरावर शेततळे किंवा कठडा नसलेली विहीर असेल, तर वहीत तिची नोंद हवी आणि त्यापुढे कुंपण कोणाचे, ते कधी होणार हेही हवे. तळ्यात दोन्ही बाजूंना बांधलेले गाठींचे दोर आणि काठावर हवा भरलेली ट्यूब, इतके तरी मालकाकडून करून घेता येते. कोरड्या पडलेल्या बोअरची गोष्टही वेगळी नाही. हरियाणात २००६ मध्ये बोअरमध्ये मूल पडल्याच्या घटनेने देशाचे लक्ष या धोक्याकडे गेले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूचना दिल्या : बोअर खोदताना भोवती काटेरी तारेचे कुंपण, केसिंगभोवती सिमेंटचा चौथरा, तोंडावर पक्के बसवलेले पोलादी झाकण, आणि निकामी बोअर तळापासून वरपर्यंत माती-दगडाने भरणे. ज्या वस्तीवर पोत्याने झाकलेले बोअर आहे तेथे वहीतली नोंद ग्रामपंचायतीकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा ठरू शकते.

यानंतर खाणे. सोलापूरच्या प्रत्येक घरात शेंगाचटणी असते. बारीक कुटलेल्या शेंगदाण्याची अडचण नाही. अख्खा शेंगदाणा मात्र पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये. दाढा पूर्ण न आलेल्या मुलाला तो चावता येत नाही, आणि हसताना-पळताना तो श्वासनलिकेत जातो. फुटाणे, हुरड्याचे दाणे, गोळ्या, पेरूच्या कडक फोडी यांचेही तेच. द्राक्षांचा हंगाम आला की या भागात घराघरांत द्राक्षे येतात, आणि द्राक्ष नेमके लहान मुलाच्या घशाच्या मापाचे व गुळगुळीत असते. ते उभे चिरून चार तुकडे करूनच द्यावे. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. ही रीत जुनी आणि मायेची असली तरी मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. खाण्याच्या पानावर नियम थोडे आणि ठळक लिहावेत, कारण हे पान मुलांना घ्यायला येणाऱ्या आजोबांनीही वाचायचे असते. डब्यात काय द्यायचे नाही ते त्यांनाही समजले पाहिजे. त्याच पानाच्या मागे घशात अडकल्यास काय करायचे ते लिहावे. मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. खोकला बंद पडला, आवाज निघेना झाला, तर वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा. वर्षाच्या पुढच्या मुलाला मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच झटके. वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर दाब न देता छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. घशात आंधळेपणाने बोट घालू नये.

उन्हाळ्याची पाने वेगळी. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून बराच वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत उष्मा बाहेरच्यापेक्षाही जास्त असतो. मुले कोणत्या वेळी कोणत्या खोलीत बसतील, पाणी किती वेळाने पाजायचे, ओआरएसची पाकिटे कुठे आहेत, हे मार्च संपण्याआधी लिहून व्हावे. याच दिवसांत कूलर बाहेर निघतो. पत्र्याच्या कूलरमध्ये पाण्याचा पंप, जुनी वायर आणि ओली फरशी एकत्र येतात आणि मूल ओल्या हाताने जाळी धरते. पाणी भरण्याआधी पिन काढणे, तीन पिनांचाच प्लग वापरणे, अर्थिंग वायरमनकडून तपासून घेणे आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवणे हे यावरचे उपाय. शेवटच्या उपायाला खर्च येतो; पण मुले सांभाळणाऱ्या घरात आधी तोच करावा, कारण बाकी सर्व उपाय माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून आहेत.

भाजण्याचा धोका चुलीपाशी, बंबापाशी, बादलीत सोडलेल्या हीटरच्या रॉडपाशी आणि जमिनीवर ठेवलेल्या आमटीच्या पातेल्यापाशी असतो. स्वयंपाकघराच्या दाराला गुडघ्याएवढी फळी लावली तरी रांगणारी मुले अडतात. भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरणे हाच प्रथमोपचार. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये, फोड फोडू नये.

शेतकऱ्याच्या घरातला विषाचा धोका गावाबाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. द्राक्ष आणि डाळिंब यांची फवारणी वारंवार असते. उरलेले औषध कधी थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवले जाते. त्या बाटलीचे झाकण आणि रंग मुलाच्या ओळखीचे असतात. मूळ डब्यातच औषध ठेवणे, तो डबा कुलपात ठेवणे, फवारणीचा पंप व कपडे मुलांच्या खोलीत न आणणे, हे वहीत लिहून घरातल्या पुरुषांकडूनही सही घ्यावी. कारण हा धोका सांभाळणारी बाई आणत नाही, पण तिच्याच पदरात पडतो. औषध पोटात गेल्यास ओकारी काढायची नाही, मीठ-पाणी पाजायचे नाही. डबा सोबत घेऊन थेट दवाखाना.

विंचवाची नोंद कडब्याच्या गंजीशेजारी, दगडी भिंतींच्या सांध्यांशी आणि चपलांच्या जागेशी जोडून करावी. विंचू चावल्याने लहान मुलाच्या हृदयावर परिणाम होऊ शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून असे मृत्यू रोखता येतात हे दाखवले, आणि त्यांच्या संशोधनाची जगभर दखल घेतली गेली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध वेळेत मिळायला मूल वेळेत दवाखान्यात पोहोचावे लागते. म्हणून नोंदीत ‘मांत्रिकाकडे नेणार नाही’ एवढे स्पष्ट वाक्य असावे. साप चावल्यास कापायचे नाही, करकचून बांधायचे नाही, मुलाला चालवायचे नाही. कुत्रा चावल्यास पंधरा मिनिटे साबण आणि वाहते पाणी, मग लस.

झोळीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण साडीची झोळी हा या भागातल्या बाळांचा पहिला बिछाना आहे आणि ती बंद करा असे सांगून कोणी ऐकणार नाही. झोळी जमिनीपासून फार उंच नसावी, आढ्याचा हूक आणि दोर दर महिन्याला ओढून पाहावा, मोठ्या मुलांना तिच्याशी खेळू देऊ नये, कारण साडीचा पीळ गळ्याभोवती बसू शकतो. बसता येऊ लागलेल्या बाळाला झोळीत एकटे ठेवू नये. लहान बाळाला सपाट जागी उताणे झोपवणे सर्वांत सुरक्षित, आणि पाळणाघर चालवणाऱ्या घरात तशी एक जागा असलीच पाहिजे.

रस्त्याला एक नोंद पुरते, पण ती ऋतूप्रमाणे बदलावी लागते. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गावातून जातात. चालकाला मागचे चाक दिसत नाही. त्या महिन्यांत फाटकाची कडी मुलाच्या हाताला न पोहोचेल इतकी वर हवी.

माणसांचाही धोका असतो आणि तो लिहायला संकोच वाटतो. घरात दिवसा कोण कोण येते, मुलांसोबत कोणाला एकटे सोडायचे नाही, मुलाला घ्यायला कोण येणार याची पालकांनी दिलेली नावे, हे एका पानावर असावे. यादीत नसलेला माणूस, मग तो सख्खा काका का असेना, आला तर आईला फोन झाल्याशिवाय मूल द्यायचे नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय आल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. गप्प राहणे हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक, ११२ पोलिसांचा आणि १०८ रुग्णवाहिकेचा. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर आणि दारामागेही मोठ्या अक्षरांत असावेत. त्यांखाली पालकांचे क्रमांक, मुलाचे वजन आणि त्याला कशाची ॲलर्जी आहे ते.

वही एकदा लिहून संपत नाही. नवे मूल आले, पालथे पडणारे बाळ रांगू लागले, रांगणारे उभे राहिले, घरात बांधकाम निघाले, शेळी व्याली, सण आला, पाऊस सुरू झाला, अशा प्रत्येक वेळी ती उघडावी लागते. एरवी तीन महिन्यांतून एकदा फेरी पुरे. पूर्ण झालेल्या कामापुढे तारीख टाकून रेघ मारावी, पान फाडू नये. कधी काय सुधारले याचा तो पुरावा असतो. कामे राहून गेली असतील तर तेही दिसू द्यावे. सगळ्या रकान्यांत एकाच शाईने, एकाच दिवशी ‘ठीक’ लिहिलेली वही कोणाच्याच उपयोगाची नाही.

त्याच वहीच्या मागच्या बाजूने अपघातांची पाने सुरू करावीत. पडणे, खरचटणे, चावणे, ताप : वेळ, जागा, काय झाले, काय केले, पालकांना कधी सांगितले आणि पालकाची सही किंवा अंगठा. औषध द्यायचे असेल तर पालकाने लिहून दिलेली मात्रा आणि दिल्याची वेळ. महिन्याने ही पाने पुन्हा वाचली की एकाच पायरीवर तीन मुले पडली आहेत हे ध्यानात येते, आणि पायरीची नोंद पुढच्या बाजूला जाते. पुढची आणि मागची पाने अशी एकमेकांना सांगू लागली की वहीचे काम सुरू झाले असे समजावे. मुलांची माहिती मात्र घरातच राहावी. पालकाला आपल्या मुलाचे पान दाखवावे, दुसऱ्याच्या मुलाचे नव्हे, आणि पानाचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये.

दक्षिण सोलापुरात अनेक घरांची बोली कन्नड आहे. नोंद मराठीत असली तरी आईला किंवा आजीला ती कन्नडमधून वाचून दाखवता आली पाहिजे. ज्या बाईला लिहिता येत नाही तिची वही शाळेत जाणारी तिची मुलगी लिहू शकते, किंवा धोक्यांची चित्रे चिकटवून पुढे खूण करता येते. अक्षर नाही म्हणून ती चांगली सांभाळणारी नाही, असे कोणत्याही तपासणीत ठरू नये.

येथे विभागाचे काम सुरू होते. बालवाडी गावच्या अंगणात नेण्याचे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या परंपरेतून महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेल्या त्यांच्या प्रयोगाने मूल जेथे आहे तेथे शिक्षकाने जावे हे दाखवून दिले. घरगुती पाळणाघरांबाबतही विभागाने तसेच घरापर्यंत यावे. अंगणवाडी सेविका आणि आशा यांना कोणत्या गल्लीत कोणाकडे मुले असतात हे आधीच माहीत आहे. त्यांच्यामार्फत या बायांना एक कोरी वही, मराठी व कन्नडमधले एक सूचनापत्रक आणि सरकारी दवाखान्यात एक दिवसाचे प्रथमोपचार प्रशिक्षण द्यावे. पर्यवेक्षिकेने तीन महिन्यांतून एकदा बसून वही वाचावी, चुका काढण्यासाठी नव्हे तर राहिलेल्या कामांपैकी कोणते काम त्या बाईच्या ताकदीबाहेरचे आहे ते पाहण्यासाठी. सेविकांवर आधीच नोंदींचा मोठा भार आहे. म्हणून या कामासाठी त्यांना नवा ऑनलाइन तक्ता भरायला लावू नये.

ताकदीबाहेरची कामे थोडी नाहीत. उघडी गटार, कुंपण नसलेली विहीर, पोत्याने झाकलेले बोअर, लोंबकळणारी विजेची तार, मोकाट कुत्री, शाळेसमोर गतिरोधक नसलेला रस्ता : या नोंदी चार घरांच्या वह्यांत सापडल्या तर त्या चार बायांची तक्रार राहत नाहीत, गावाच्या कामांची यादी होतात. मुलांची आणि घरांची नावे वगळून ही यादी ग्रामसभेपुढे ठेवता येते, महिला ग्रामसभेत वाचता येते, ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालता येते. महिला व बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीने राखून ठेवायच्या निधीतून झाकणे, कड्या आणि कुंपणे यांसारखी छोटी कामे करता येतील का, हे विभागाने ग्रामपंचायतीबरोबर बसून ठरवावे.

वही ठेवणारीला दंडाची भीती वाटली तर ती धोके लिहिणार नाही, लपवील. म्हणून पहिली दोन वर्षे वहीतली कबुली कोणत्याही कारवाईसाठी वापरली जाणार नाही, असे विभागाने लेखी जाहीर करावे. मारहाण, अत्याचार आणि जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष अर्थात याला अपवाद. जी बाई वही ठेवते तिला पाळणा योजनेच्या सेविकापदासाठी अनुभव म्हणून ती दाखवता यावी. आज या कामाला नावही नाही आणि दाखलाही नाही, हे बदलण्याचा एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही.

विभागाने जूनमध्ये शाळा-अंगणवाड्या सुरू होताना मंद्रूप आणि भोवतालच्या वस्त्यांपासून या कामाला आरंभ करावा, आणि त्याआधी एप्रिलमध्ये, पाण्याची पिंपे व कूलर घराघरांत उभे राहतात तेव्हा, प्रत्येक सांभाळणाऱ्या बाईच्या हाती पहिली वही पोहोचवावी, ही विनंती.